चार मजली मोजा

आमच्या शहराचं नाव वुच. पोलिशमध्ये अर्थ, होडी.
नदी मात्र दाखवता येणार नाही,
ती गिरण्यांच्या काळातच नळात घालून
जमिनीखाली ढकलली.
तर ही कोरडी होडी, आणि तिच्यात
गळ्यात जुना झेनिट अडकवून हिंडणारी मी,
शाळेच्या भटारखान्यातली बाई.

दुपारी अडीचला बटाटे सोलून संपतात.
नखांत माती असतानाच बटण दाबते.
कशाचे फोटो, विचारतात लोक.
बोगुमिलाबाई कोबी पोटाशी धरून ट्राममधून उतरते, त्याचा.
गालिचे झोडपायच्या लोखंडी दांडीला
उलटी लटकलेली पोरगी,
वेण्या जमिनीला टेकायला चार बोटं कमी,
त्या चार बोटांचा.

आमची अंगणं आडासारखी.
चहूकडून खिडक्या, तळाशी कचऱ्याचे डबे;
मान मागे टाकली की वर आभाळ, चौकोनी,
घडी घातलेल्या रुमालाएवढं.
त्या रुमालाचे फोटो काढतेय एकोणीस वर्षं.
नोव्हेंबरात नुसता राखेचा बोळा,
जूनमध्ये रात्री दहालासुद्धा ओला निळा.
इरेनेउश म्हणायचा, रोज तेच तर आहे.
तो गेला त्या दिवशीचाही आहे.
ढग होते. बस्स.

आणि मोजा.
अठरा नंबरच्या बिनखिडकीच्या भिंतीवर
मोज्यांच्या कारखान्याची जुनी जाहिरात:
एकच पाय, चार मजली, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा.
कारखाना बसला, पाय उभाच राहिला.
मग कुण्या पोरांनी रात्रीतून स्प्रे मारून
अंगठा कुरतडणारा उंदीर काढला.
पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी उंदराला टाय बांधला.
सगळं माझ्याकडे आहे, तारखेनिशी.

आई त्याच कारखान्यातली.
यंत्रांनी तिचे कान खाल्ले, ती ओठ वाचते.
फोटो बघायला बसली की माझ्याहून तेज:
यात कुणी बोलत नाही, म्हणते,
म्हणून माझं काही सुटत नाही.

जुलैत जिन्यात कागद लागला,
भिंतीला बाहेरून थर्मोकोल चढणार,
हीटिंगचं बिल निम्म्यावर येणार.
बैठकीत मीही हात वर केला.
खोटं कशाला बोलू.

सोमवारी अंगठा गेला, उंदीर, टाय.
बुधवारी टाच.
पांढऱ्या लाद्या खालून वर चढत होत्या
आणि मी रोज समोरच्या फुटपाथवर,
गुन्हा करून पुन्हा तिथंच घुटमळावं तशी.
परांचीवरून ओस्ताप ओरडला, युक्रेनचा गवंडी,
बाई, माझा एक काढा, पोरीला पाठवायचाय,
मागे आभाळ येऊ द्या, भिंत नको.
मी डबक्याशेजारी जवळजवळ आडवी झाले.
आभाळ आलं, भरपूर, वाऱ्यानं फाटलेलं,
तरी त्याच्या कोपरापाशी
एक पिवळा पट्टा शिरलाच.
प्रत काढताना कापता आला असता.
नाही कापला.
ओस्तापला काही बोलले नाही, त्यानंही विचारलं नाही,
पाकिटावर पत्ता लिहीत राहिला, जीभ दातांत धरून.

आता जानेवारी.
खोली इतकी उबदार की आईनं शाल काढून ठेवलीय,
कित्येक हिवाळ्यांत पहिल्यांदा.
मी तिच्या हातात कालचा फोटो दिला:
पांढरी भिंत, मागे बर्फाचं पांढरं आभाळ.
भिंत कुठं संपते, मलाच सांगता येईना.
वाटलं, हा फुकट गेला.

तिनं तो खिडकीपाशी धरला.
नख त्या पांढऱ्यावरून हळूहळू फिरवत नेलं,
खाली, जरा डावीकडे, मग थांबली.
ही टाच, ती म्हणाली,
बहिरी माणसं बोलतात तशी, मोठ्यानं,
सगळ्या आडाला ऐकू जाईल अशी:
इथं आम्ही दोन टाके जास्त घालायचो.